सायकलचे किलोमीटर सरावात धरायचे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे सायकलने नोकरीला जाणाऱ्या आणि त्याच वेळी धावण्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण थोड्याफार फरकाने बाकी सगळ्यांचीच आहे.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून पुण्यात कोथरूडला राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. दीड वर्षापासून आठवड्यातले चार दिवस सायकलने जातो. एका बाजूचे अंतर साधारण १७ किलोमीटर आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी नाव नोंदवले आणि सोळा आठवड्यांचा एक तयार आराखडा घेतला, ज्यात आठवड्यातून पाच दिवस धावायचे आहे. सोमवारी आणि गुरुवारी रात्री साडेनऊपर्यंत परदेशातील ग्राहकांबरोबर बैठका असतात आणि घरी दोन लहान मुले आहेत. तीन आठवडे आराखडा पाळला, पण आता पाय जड झाले आहेत, झोप नीट लागत नाही आणि धावण्याचा वेग वाढण्याऐवजी कमी होत आहे. सायकल सोडू की शर्यत सोडू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्हींपैकी काहीही सोडू नका, आराखडा बदला. तो आराखडा चारचाकीने किंवा बसने कामावर जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. तुमचा हिशेब करून पाहू. १७ किलोमीटर जाणे, १७ किलोमीटर येणे, असे चार दिवस म्हणजे आठवड्याला १३६ किलोमीटर. ताशी २० किलोमीटरचा वेग धरला, तर जवळजवळ पावणेसात तास तुमचे हृदय आणि फुप्फुसे कामाला लागलेली असतात. त्यावर पाच दिवसांचे धावणे चढवले की आठवड्याचे कष्ट अकरा-बारा तासांवर जातात, आणि इतके कष्ट दिवसाची झोप मिळणाऱ्या पूर्णवेळ खेळाडूलाच झेपतात. तुम्ही मात्र सायकलला प्रवासाच्या खात्यात टाकले आहे आणि सरावाच्या खात्यात फक्त धावणे लिहिता आहात. शरीराकडे अशी दोन खाती नाहीत, आणि जड झालेले पाय तुम्हाला तेच सांगत आहेत.

तेव्हा सायकलचा वेळ सरावात धरायचा. पण धरताना सायकल आपल्याला काय देते आणि काय देत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण तुमच्यासारख्यांना होणाऱ्या दुखापतींचे मूळ तिथेच असते. दर ठोक्याला जास्त रक्त ढकलणारे हृदय, स्नायूंत केशवाहिन्यांचे दाट जाळे, चरबी जाळून तासन् तास चालत राहण्याची क्षमता, हे सगळे सायकल देते आणि धावताना ते तसेच्या तसे उपयोगी पडते. सायकल जे देत नाही, ते म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या पावलाची सवय. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते आणि मांडीचा स्नायू आकसत असताना जोर लावतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो, आणि तो झेलताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो. मिनिटाला १७० पावले धरली, तर अर्ध्या तासात पाच हजारांहून अधिक वेळा हे घडते. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूबंध मजबूत व्हायला महिने लागतात. सायकल चालवणाऱ्या माणसाचा दम आधीच तयार असतो, त्यामुळे त्याला थांबवणारे कोणी नसते आणि तो पायांच्या तयारीच्या कितीतरी पुढे धावत जातो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. अनेक वर्षे सायकलने कामावर गेल्यावर मी धावायला लागलो, तेव्हा दम लागत नाही याच आनंदात पहिल्या महिन्यापासून रोज आठ-दहा किलोमीटर धावत सुटलो. सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या खालच्या भागात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, दुखू लागले. आधी फक्त धावताना दुखे, मग जिना उतरताना कठडा धरावा लागू लागला, आणि शेवटी रात्री कुशीवर वळताना जाग येऊ लागली. हाडाला ताणाने बारीक भेग पडली होती. दोन महिने धावणे बंद झाले. म्हणून सायकल चालवणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच असते, की धावणे थोडे ठेवा, पण वारंवार ठेवा. आठवड्यातून एकदाच पंधरा किलोमीटर धावण्यापेक्षा तेच अंतर तीन-चार वेळांत विभागले, तर पायांना ते शिकता येते.

आता तुमचा आठवडा. सोमवारी आदल्या दिवसाचा थकवा असतो आणि रात्री बैठक असते, म्हणून त्या दिवशी फक्त सायकल, आणि तीही अगदी सावकाश. मंगळवारी सायकलने घरी परतल्यावर घरात शिरू नका. सायकल लावा, बूट बदला आणि तिथूनच पंधरा ते वीस मिनिटे धावून या. पहिली पाच मिनिटे पाय आपले नाहीत असे वाटेल, पण अंग आधीच तापलेले असल्यामुळे वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि एकदा घरात जाऊन बसल्यावर पुन्हा बाहेर पडणे किती कठीण असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. बुधवारी सायकल घरी ठेवा, आणि सकाळी आठवड्यातला एकमेव जोराचा सराव करा, ज्याविषयी पुढे लिहितो. गुरुवारी फक्त सायकल, शुक्रवारी सायकल आणि पुन्हा मंगळवारसारखे छोटे धावणे. शनिवार मुलांचा, त्या दिवशी काहीही करू नका. रविवारी लांब पल्ल्याचे धावणे, जे आज तुम्ही एक तास आरामात धावत असाल तर दर आठवड्याला सात-आठ मिनिटांनी वाढवत दोन तासांपर्यंत न्या, आणि दर चौथ्या आठवड्याला निम्म्यावर आणा. एखादा दिवस हुकला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. रविवार शक्यतो चुकवू नका, त्यानंतर बुधवार महत्त्वाचा. बाकीचे दोन छोटे दिवस गेले तरी शर्यत बिघडत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड काय असेल, तर सायकल सावकाश चालवणे. बाणेरच्या सिग्नलपासून महामार्गाच्या सेवा रस्त्यापर्यंत शेजारून कोणी पुढे गेले की पाय आपोआप जोर धरतात, उड्डाणपुलाचा प्रत्येक चढ शर्यत होऊन बसतो, आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत तुम्ही धड हलका सरावही केलेला नसतो आणि धड जोराचाही. हा मधला वेग आठवड्यातून आठ वेळा झाला, की बुधवारी पायांत काही उरत नाही. नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी दमाच्या खेळांतील अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सरावांपैकी सुमारे ८० टक्के सराव हलके असल्याचे दिसून आले. ज्यांचे पोट खेळावर चालते ते इतके जपून वागतात, मग दिवसभर नोकरी करणाऱ्याने तर अधिकच जपायला हवे. कसोटी सोपी आहे : सायकलवर असताना एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता आले पाहिजे. एक गिअर हलका ठेवा, पेडल मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांनी फिरू द्या आणि चढावर सीटवरून उठू नका. ताशी २४ ऐवजी २० किलोमीटरने गेलात, तर एका फेरीला आठेक मिनिटे जास्त लागतील. ती मिनिटे तुम्हाला बुधवारी परत मिळतात.

बुधवारच्या सरावाचा विचार साताऱ्याचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून करायला हवा. ती शर्यत शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळते आणि त्याच वाटेने उतरते. चढाची तुम्हाला फारशी काळजी नको. दीड वर्षाची सायकल तिथे कामी येईल आणि अनेकांना तुम्ही मागे टाकाल. खरी परीक्षा उताराची आहे. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक पावलाला लगाम घालावा लागतो, आणि सायकलवर तर उतार आला की आपण पेडल मारणेच थांबवतो. म्हणजे या एका कामाचा सराव तुम्हाला जवळजवळ शून्य आहे. चढावर आनंदाने पुढे गेलेले सायकलपटू शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये रस्त्याच्या कडेला मांड्या चोळत उभे असलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यात दमाने हरलेला क्वचितच कोणी होता.

कोथरूडकरांना वेताळ टेकडी हाताशी आहे. एखादा बेताचा उतार निवडा. पहिल्या बुधवारी चार मिनिटे चढून तेवढेच हलक्या पावलांनी उतरा, आणि असे फक्त तीन वेळा करा. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नका, पावले लहान आणि भरभर पडू द्या, आणि मागे रेलून ब्रेक लावल्यासारखे उतरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते अपेक्षितच आहे. असा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने कमी दुखतो, म्हणून दर दोन आठवड्यांनी एकेक फेरी वाढवली तरी पुरते. मधल्या बुधवारी सपाटीवर शर्यतीच्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे धावा. शर्यतीपूर्वी एक-दोनदा रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटरस्त्यावर जाऊन लांब उतार धावून पाहा, पण गाड्यांची गर्दी सुरू होण्याआधी खाली उतरा. असा लांब उताराचा शेवटचा सराव शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी झालेला असावा.

दोन गोष्टी राहिल्या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, निघण्यापूर्वी, एक केळे आणि शेंगदाण्याची चिक्की खा. दुपारच्या डब्यानंतर पाच-सहा तास उपाशी राहून १७ किलोमीटर सायकल आणि वर धावणे, यातूनच रात्रीची ती अस्वस्थ झोप येत असावी. आणि शर्यतीआधी सराव कमी करताना सायकलही कमी करा. शेवटच्या पंधरवड्यात लोक धावणे निम्मे करतात, पण सायकलचे १३६ किलोमीटर तसेच चालू ठेवतात आणि पाय हलके का होत नाहीत म्हणून विचारतात. शेवटच्या आठवड्यात दोनच दिवस सायकल, तीही बुधवारपर्यंत.

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून कोल्हापुरात बँकेत काम करते. घर ते शाखा पाच किलोमीटर सायकलने जाते. जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन धावायची आहे, म्हणून आठवड्यातून पाच दिवस पहाटे साडेचारला उठून धावते, मग डबे, मग बँक. झोपायला साडेअकरा होतात. चार महिन्यांत तीनदा सर्दी-ताप झाला आणि हल्ली रंकाळ्याची एक फेरीसुद्धा जड जाते. माझी चिकाटी कमी पडते आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, ताई, तुमची चिकाटी कुठेही कमी पडत नाही, कमी पडते आहे ती झोप. सराव शरीराला मोडतो आणि झोप व अन्न त्याला पुन्हा, आधीपेक्षा थोडे मजबूत, बांधतात. पाच तासांच्या झोपेत ते बांधकाम पुरे होत नाही, आणि पहाटे तुम्ही पुन्हा मोडायला सुरुवात करता. तुमच्या गावच्या तालमींत हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे : वस्ताद जोर-बैठकांइतकेच लक्ष पैलवानाच्या खुराकाकडे आणि दुपारच्या झोपेकडे देतो. नोकरी आणि घर सांभाळून धावणाऱ्या बाईच्या खुराकाकडे आणि झोपेकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, ती स्वतःही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पहाटेचे पाच दिवस आजपासून बंद करा. त्याऐवजी मंगळवारी आणि गुरुवारी बँकेतून परतताना रंकाळ्यावर सायकल लावा, तीस-पस्तीस मिनिटे गप्पा मारता येतील अशा वेगाने धावा आणि मग घरी जा. त्यासाठी घरच्यांना त्या दोन संध्याकाळी स्वयंपाकाची सुरुवात करून ठेवावी लागेल, आणि ते तुम्ही त्यांना स्पष्टपणे सांगा. लांब पल्ल्यासाठी तुमच्या नोकरीतच एक सोय आहे. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दोन शनिवारी सकाळी लांब धावा, म्हणजे रविवार पूर्ण मोकळा मिळेल. महिन्यातून दोनच लांब पल्ले आणि मधल्या रविवारी तासाभराचे धावणे, एवढ्यावर २१ किलोमीटर नीट पूर्ण होतात. साडेदहाला अंथरुणावर पडता आले आणि पहाट मोकळी झाली, तर सात तास झोप मिळेल.

जपानचे युकी कावाउची यांचे उदाहरण तुम्हाला धीर देईल. सैतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत राहून, एका शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ काम करून, ते बहुतेक दिवशी एकदाच सराव करत, कारण व्यावसायिक धावपटूंसारखा दुसऱ्या सरावाला वेळच नव्हता. त्याच माणसाने १६ एप्रिल २०१८ रोजी, थंड पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात, बोस्टन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली. जितका वेळ आहे तितक्यातच सराव बसवणे म्हणजे तडजोड नव्हे.

मात्र झोप वाढवूनही तीन आठवड्यांत दम सुधारला नाही, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि त्याबरोबर फेरिटिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो, आणि पाळी सुरू असलेल्या, धावणाऱ्या स्त्रियांमध्ये हे वारंवार दिसते. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. उसळीवर लिंबू पिळल्याने ते जास्त शोषले जाते. प्रथिनांचाही हिशेब पाहा. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. तुमचे वजन ५५ किलो असेल, तर दिवसाला ६६ ते ८८ ग्रॅम. एका वाटी शिजलेल्या उसळीत सात-आठ ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम आणि एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. चहा आणि दोन बिस्किटांवर सकाळ काढली, तर हा आकडा गाठता येत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, वय ३१. सायकलने रोज १८ किलोमीटर जाणे-येणे होते. दोन महिन्यांपासून १० किलोमीटरच्या शर्यतीसाठी धावतो आहे. दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला धावताना दुखते, सायकल चालवताना दुखत नाही, पण सायकलनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. सराव थांबवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही दोन दुखणी वेगळी आहेत. नडगीचे आधी पाहू. हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरपासून खालपर्यंत न्या. दुखणे चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात पसरलेले असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा तो भार अचानक वाढल्याचा परिणाम आहे. दोन आठवडे धावणे निम्मे करा, मऊ मातीवर धावा आणि सायकल चालू ठेवा. दम टिकून राहील. पण एकाच ठिकाणी नेमके दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर आजच धावणे थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. यात थोडे दिवस वाट पाहू म्हणणाऱ्यांचे महिने जातात. आणखी एक गोष्ट : तुम्ही आठ तास सेफ्टी शूज घालून काँक्रीटच्या फरशीवर उभे असता, आणि तेवढा भार धावण्याआधीच पोटऱ्यांवर पडून गेलेला असतो. पाळी संपल्यावर ते बूट काढून पाच मिनिटे पोटऱ्या ताणा आणि सायकल साध्या बुटांत चालवा.

गुडघ्याच्या पुढच्या दुखण्यामागे बहुतेक वेळा खाली असलेली सीट असते. सिग्नलला पाय टेकावा म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय आहे. सायकल भिंतीशी टेकवा, सीटवर सरळ बसा आणि टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली न्या. त्या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघा थोडासाच वाकलेला राहील. सीट एकदम वर न नेता तीन-चार दिवसांच्या अंतराने अर्धा-अर्धा सेंटीमीटर वाढवा.

पाळ्यांविषयी एवढेच सांगतो : रात्रपाळीच्या आठवड्यात जोराचा सराव ठेवूच नका. सकाळी घरी येऊन झोपा, आणि संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी जमले तर वीस मिनिटे हलके धावा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारनंतरचा वेळ तुमचा असतो, त्यामुळे जोराचे आणि लांब पल्ल्याचे धावणे त्या आठवड्यात उरका. सलग रात्रपाळ्यांनंतर पहाटे डोळ्यांवर झोप असताना सायकल चालवू नका. त्या दिवशी कंपनीच्या बसने या.

प्रश्न : खारघरहून वाशीला सायकलने जाते. पावसाळा लागला की सायकलही बंद होते आणि धावणेही. ऑफिसात अंघोळीची सोय नाही. काही मार्ग सुचवाल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : तुमच्याकडे हार्बर लाइन आहे, आणि तिच्यामुळे सायकल व धावणे एकमेकांत गुंफता येते. सोमवारी सकाळी उघडीप पाहून सायकलने ऑफिसला जा आणि बरोबर दोन-तीन दिवसांचे कपडे नेऊन तिथे ठेवा. संध्याकाळी सायकल ऑफिसातच ठेवून वाशीहून नेरूळपर्यंत धावत जा, जे साधारण सहा किलोमीटर पडेल, आणि नेरूळहून लोकलने खारघर गाठा. मंगळवारी सकाळी लोकलने या आणि संध्याकाळी सायकलने घरी जा. अशा रीतीने धावताना पाठीवर ओझे राहत नाही, आणि धावणे नेहमी घरी जाताना होत असल्यामुळे अंघोळीचा प्रश्नच येत नाही. मुसळधार पडत असेल त्या दिवशी नेरूळऐवजी सानपाड्यालाच थांबून गाडी पकडता येते, कारण वाटेत स्थानके जवळजवळ आहेत. पाणी तुंबलेल्या रस्त्यावर मात्र धावू नका, सायकलही घालू नका. खालचा खड्डा दिसत नाही.

सकाळी सायकलने गेल्यावर लगेच कपडे बदलू नका. दहा मिनिटे पंख्याखाली उभे राहून घाम थांबू द्या, मग ओला पंचा पिळून अंग पुसा आणि त्यानंतरच कोरडे कपडे घाला. घाम चालू असताना बदललेले कपडे पुन्हा भिजतात आणि लोक समजतात की अंघोळीशिवाय हे जमणारच नाही. सायकल वाटभर हळू चालवली तर घाम मुळातच कमी येतो.

धावण्याचे बूट दोन जोड असू द्या, कारण पावसाळ्यात एक जोड वाळायला दीड-दोन दिवस घेतो. ओले बूट घरी आणल्यावर आतला तळ आणि नाड्या काढा, वर्तमानपत्राचे बोळे पार पुढच्या टोकापर्यंत कोंबा आणि तासाभराने ते ओले बोळे काढून नवे घाला. पहिला कागद सर्वांत जास्त पाणी ओढतो, म्हणून तोच रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही. बूट पंख्यासमोर आडवे ठेवा, गॅसजवळ किंवा इस्त्रीने वाळवू नका, तळाचा डिंक सुटतो. सायकलची चेन पावसातून आल्या आल्या जुन्या फडक्याने पुसा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडून वरचे तेल पुन्हा पुसून घ्या, नाहीतर त्याला रस्त्यावरची वाळू चिकटते. मागचा लाल दिवा जून ते सप्टेंबर दिवसाही लावून ठेवा. पाम बीच रस्त्यावर गाड्या वेगात असतात आणि सरीत काचेतून सायकल उशिरा दिसते.